आमची कुठेही शाखा नाही

गेल्या अंकात अमेरिकेतल्या युटा राज्यामधल्या बर्फाबद्दल लिहिताना ‘आमचे मॉर्मन शेजारी’ असे तीन शब्द ओघात लिहून गेले. (मॉर्मन म्हणजे येशूला मानणारा, युटात ठाण मांडून असलेला एक अमेरिकन पंथ.) बर्फाबद्दल कुणी अवाक्षर विचारलं नाही. पत्रं आली ती सगळी त्या तीन शब्दांवर. त्यातली पाच इथं घेतली आहेत. नावं गाळली आहेत, गावं ठेवली आहेत.

प्रश्न : ताई, माझा मुलगा, सून आणि सहा वर्षांची नात येत्या जूनमध्ये युटातल्या लीहाय या गावी राहायला जात आहेत. मुलाला तिथं सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली आहे. पेढे वाटायचे सोडून आमच्या घरात सुतक असल्यासारखी शांतता आहे. माझ्या दिरांनी टीव्हीवर एक माहितीपट पाहिला. त्यात पायघोळ झगे घातलेल्या बायका, एकेका पुरुषाच्या डझनभर बायका आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलींची लग्नं दाखवली. ‘तिकडे सगळे तेच लोक, नातीला सांभाळा,’ असं ते रोज फोन करून सांगतात. आता सूनबाईंनीही धसका घेतला आहे. खरं काय ते सांगाल का?
ता. क. : मुलगा घर बघायला गेला तेव्हा शेजारच्या बाईंनी घरी केलेला पाव आणून दिला. परतफेड काय करावी?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, ताज्या कलमाचं उत्तर सगळ्यात शेवटी देते, कारण तुमच्या पत्रातला खरा अवघड प्रश्न तोच आहे.

आधी माझी फजिती ऐका. २००३ च्या ऑगस्टमध्ये आम्ही ठाण्याहून वेस्ट जॉर्डनला राहायला गेलो. सॉल्ट लेक सिटीचं उपनगर. तिसऱ्या दिवशी, खोकी अजून दारात पडलेली, बेल वाजली. बाहेर दोन बायका उभ्या. दोघी तिशीच्या. एकीच्या कडेवर मूल, आणखी पाच पायांत घुटमळणारी, हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला गरम पाव. ‘आम्ही पलीकडच्याच घरात आहोत,’ म्हणाल्या. दोघी, एकाच घरात! निघताना नणंदेनं कानात जे भरून दिलं होतं ते सगळं उसळून वर आलं आणि मी, वय वर्षं पंचेचाळीस, नोकरीनं ग्रंथपाल, त्यांना विचारलं, ‘तुमच्यातली पहिली कोण?’

कडेवर मूल असलेली म्हणाली, ‘मी. ही माझ्याहून चार वर्षांनी लहान. टेक्सासहून आठवडाभर राहायला आलीय.’ आणि मग एका श्वासाच्या अंतरानं तिला माझ्या प्रश्नाचा अर्थ लागला. कान लाल झाले तिचे. पण हसली. ‘आमच्यात कुणी तसं केलं तर त्याला चर्चमधून काढून टाकतात,’ एवढंच म्हणाली आणि पाव माझ्या हातात दिला. सख्ख्या बहिणींना मी उंबऱ्यातच सवती करून टाकलं होतं.

तेव्हा दिरांना फार बोलू नका. मीही त्याच वर्गातली.

माहितीपटातल्या बायका खऱ्या आहेत, त्यांची दुःखंही खरी आहेत. फक्त त्या वेगळ्या पंथाच्या आहेत. माझ्या शेजारणीच्या मॉर्मन चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. मुख्यालय सॉल्ट लेक सिटीत, जगभरात १ कोटी ७० लाखांवर सभासद. यांनी बहुपत्नीत्व १८९० मध्ये सोडलं, आणि १९०४ नंतर जो कुणी तसं लग्न करील त्याचं नावच पटावरून काढायला लागले. माहितीपटातल्या पंथाचं नाव ‘द फंडामेंटलिस्ट चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. एवढ्या लांबलचक नावात एका शब्दाचा फरक! त्यांचं गाव युटा आणि ॲरिझोनाच्या हद्दीवर, लीहायपासून गाडीनं चार-साडेचार तास. त्यांचा प्रमुख वॉरन जेफ्स याला २०११ मध्ये टेक्सासच्या न्यायालयानं अल्पवयीन मुलींवरच्या लैंगिक अत्याचारांबद्दल जन्मठेप आणि वर २० वर्षं अशी शिक्षा सुनावली. बहुपत्नीत्व पाळणारे असे लहानमोठे गट बरेच आहेत. सगळे मिळून तीस-चाळीस हजार माणसं असावीत असा अंदाज सांगतात.

पुण्यात एखादं चिवड्याचं दुकान चालायला लागलं की पुढच्या गल्लीत त्याच नावाला ‘न्यू’ किंवा ‘बंधू’ जोडून दुसरं उघडतं, आणि पहिला दुकानदार पाटी लावतो : आमची कुठेही शाखा नाही. सॉल्ट लेकवाले शंभराहून जास्त वर्षं ही पाटी लावून बसले आहेत. गिऱ्हाईक वाचत नाही.

एप्रिल २००८ मध्ये तर कहर झाला. टेक्सासात एल्डोरॅडो गावाजवळ जेफ्सच्या पंथाची मोठी वस्ती होती. सरकारनं तिच्यावर धाड घालून चारशेवर मुलं ताब्यात घेतली. (अशी सरसकट मुलं उचलता येणार नाहीत म्हणून टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयानं मे संपता संपता ती परत करायला लावली. पण तोवर दोन महिने टीव्हीवर दुसरं काही नव्हतं.) माझ्या शेजारणीची ती धाकटी बहीण टेक्सासात राहणारी, आठवतंय ना? तिच्या मुलाला शाळेच्या बसमध्ये पोरांनी विचारलं, ‘तुला आया किती?’ तो रडत घरी आला. जूनमध्ये सॉल्ट लेकच्या चर्चनं जाहीर केलं की त्या पंथाचा आमच्याशी काही संबंध नाही. त्यांनी पाहणीही करवली होती. तिच्यात अमेरिकेतले तिघांतल्या एकाहून जास्त लोक ती टेक्सासची वस्ती याच चर्चची समजत होते. अमेरिकेतले! मग सांगलीत बसून चूक झाली तर नवल काय?

आता लीहायमध्ये रोजच्या जगण्यात काय असेल ते सांगते. रविवारी गल्लीत कुत्रं दिसणार नाही, सगळे वॉर्डात गेलेले असतात. वॉर्ड म्हणजे नगरपालिकेचा नव्हे, त्यांच्या मोहल्ल्याच्या मंडळीला वॉर्ड म्हणतात. तिथला प्रमुख म्हणजे बिशप. त्याला पगार नसतो. आमचे बिशप दातांचे डॉक्टर होते. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचं जेवण सोडतात आणि ते वाचलेले पैसे गरजूंसाठी देतात. पाणीसुद्धा पीत नाहीत. हे ऐकल्यावर मी माझ्या एकादशीचा, खिचडी-रताळं-भगरीचा, विषय काढला नाही.

नातीची काळजी करायचीच असेल तर वेगळी करा. वर्गातल्या बहुतेक मुली एकाच वॉर्डच्या असल्या की रविवारच्या गप्पा सोमवारी शाळेत येतात आणि आपलं पोर बाजूला उभं राहतं. माझ्या मुलीनं एक अख्खं वर्ष असं काढलं. चर्चला चला म्हणून बोलावणंही येईल. स्वच्छ ‘नाही’ म्हणून सांगावं. आमच्याकडे तरी त्यानंतर पाव यायचा थांबला नाही.

आणि काही लपवायचं नाही म्हणून हेही सांगते. लीहायहून जवळच, उत्तरेला ब्लफडेल लागतं. तिथं ‘अपॉस्टॉलिक युनायटेड ब्रदरन’ नावाचा आणखी एक गट आहे. बहुपत्नीत्व मानणारा, पण झगे-बिगे न घालणारा. जीन्स, टीशर्ट, नोकऱ्या, मुलांचे फुटबॉलचे सामने. तुमच्या मुलाला दुकानात भेटले तरी कळायचं नाही. दीर जे कपडे बघून घाबरले, त्या कपड्यांवरून युटात फार थोडं कळतं.

प्रश्न : ते ‘दुसरे’ लोक तुम्ही प्रत्यक्ष पाहिले आहेत का? आणि मूळ चर्चनं प्रथा बंद केल्यावर हे स्वतःला मॉर्मन कुठल्या तोंडानं म्हणवतात?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : सर, ते उलट विचारतात : तुम्ही प्रथा सोडलीत, तुम्ही कुठल्या तोंडानं म्हणवता?

त्यांची बाजू त्यांच्याच जागी उभं राहून बघा. पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात त्यानं चर्च स्थापलं. अनेक बायका करण्याची ईश्वरी आज्ञा त्यानं १८४३ मध्ये लिहून घेतली. पुढच्याच वर्षी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात जमावानं त्याला गोळ्या घातल्या. १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग लोकांना घेऊन युटाच्या वाळवंटात आला, आणि १८५२ मध्ये ती आज्ञा जगजाहीर केली. मग वॉशिंग्टनचं सरकार मागे लागलं. १८६२, १८८२, १८८७ असे एकाहून एक कडक कायदे आले. शेवटच्या कायद्यानं तर चर्चची मालमत्ताच जप्त करायला घेतली. पुढारी भूमिगत झाले, पुरुष तुरुंगात गेले. अखेर सप्टेंबर १८९० मध्ये अध्यक्ष विल्फर्ड वुडरफ यांनी जाहीरनामा काढला की यापुढे अशी लग्नं लावायची नाहीत. १८९६ मध्ये युटाला राज्याचा दर्जा मिळाला.

सॉल्ट लेकवाले म्हणतात, देवानंच थांबायला सांगितलं. फुटून गेलेले म्हणतात, सरकारनं डोळे वटारले आणि तुम्ही शेपूट घातलीत. त्यांचा आधार असा : वुडरफ यांच्या आधीचे अध्यक्ष जॉन टेलर १८८६ मध्ये एका अनुयायाच्या घरी लपून राहिले होते, तेव्हा त्यांना ही प्रथा कधीच सोडायची नाही असा साक्षात्कार झाला. त्या घरातला मुलगा लॉरिन वूली याने म्हातारपणी, १९२० च्या दशकात, ती रात्र आपण पाहिली म्हणून सांगितली, आणि त्याच्याभोवती माणसं जमली. त्यांतली काही पुढं शॉर्ट क्रीक नावाच्या ओसाड जागी जाऊन राहिली. तेच आजचं हिल्डेल आणि कोलोरॅडो सिटी, जेफ्सच्या पंथाचं ते हद्दीवरचं गाव. मूळ पुरुष एक, गादीवर दावा दोघांचा. पक्षाचं नाव आणि चिन्ह यांचे खटले वाचलेल्या महाराष्ट्राला हे फोडून सांगायला नको.

पाहिलेत का, म्हणाल तर हो. २००४ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला झायनचं राष्ट्रीय उद्यान बघून आम्ही ग्रँड कॅन्यनच्या उत्तर कड्याकडे निघालो होतो. आम्ही धरलेला रस्ता त्याच गावावरून जातो. मागे लालबुंद कडे, पुढे रुंद धुळीचे रस्ते. घरं अवाढव्य, पण कितीतरी घरांना बाहेरून गिलावाच नाही, नुसता प्लायवूड दिसतोय. भोवती डोक्याच्या वर जाणाऱ्या भिंती. दूध आणि केळी घ्यायला दुकानात शिरले. रांगेत माझ्यापुढे साधारण पंधरा वर्षांची मुलगी, बरोबर चार लहान पोरं. भावंडं की आणखी कोण, ते विचारलं नाही. एकदा तोंड पोळलं होतं. मुलीचा झगा फिकट जांभळा, बाह्या मनगटापर्यंत, केस कपाळावरून लाटेसारखे वर उचललेले आणि मागे लांब वेणी. पायात मात्र धावायचे बूट. ती माझ्याकडे बघत होती, म्हणजे नेमकं सांगायचं तर माझ्या कपाळाकडे. टिकली होती, लाल. धाकट्यानं बोट दाखवलं तसा तिनं त्याचा हात हळूच खाली केला. गल्ल्यावरच्या बाईंनी वर न बघता सुटे पैसे दिले. बाहेर पडलो तर गावाची हद्द संपेपर्यंत एक पिकअप गाडी आमच्या मागे.

जेफ्सनं लाल रंगावर बंदी घातल्याचं मी पुष्कळ नंतर वाचलं. लाल येशूचा, माणसांनी वापरायचा नाही. त्या पोरीनं माझ्या कपाळावर काय पाहिलं असेल कोण जाणे.

त्या गावानं धाडीही सोसल्या आहेत. २६ जुलै १९५३ ला ॲरिझोनाचे गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांनी पहाटे सगळं गाव घेरलं आणि अडीचशेहून जास्त मुलं नेली. आयांपासून तोडलेल्या मुलांचे फोटो छापून आले, लोकमत फिरलं आणि पुढच्या वर्षी पाइल निवडणुकीत पडले. सॉल्ट लेकमध्ये चर्चच्या मालकीचं दैनिक आहे, त्यानं मात्र धाडीची पाठराखण केली. ज्यांचे आजोबा ह्याच गुन्ह्यासाठी खडी फोडून आले होते, त्यांनी.

२०१९ मध्ये पुन्हा त्या रस्त्यानं गेलो. बऱ्याच भिंती पडल्या होत्या. बिअर बनवून विकणारं हॉटेल निघालं होतं. हिल्डेलमध्ये एक बाई महापौर झाल्या होत्या, त्या पंथाबाहेरच्या. दुकानातली ती मुलगी तेव्हा तिशीची असणार. तिला मॉर्मन म्हणायचं की नाही यावर सॉल्ट लेकचे पुढारी, संपादक आणि प्राध्यापक भांडत असतात. तिला कुणी विचारल्याचं माझ्या वाचनात नाही.

प्रश्न : तुम्ही सतरा वर्षं त्या लोकांत काढलीत, तेव्हा त्यांची बाजू घेणारच. पण थेट विचारतो : संस्थापकाला बायका किती होत्या? आणि आजचं चर्च खरोखर धुतल्या तांदळासारखं आहे का?
– एक वाचक, दादर

उत्तर : तीस ते चाळीस. विरोधकांचा आकडा देत नाही. २०१४ मध्ये चर्चनंच प्रसिद्ध केलेल्या निबंधात हा अंदाज आहे. त्यातली एक मुलगी पंधराव्या वाढदिवसाला काही महिने कमी असताना त्याच्याशी बांधली गेली, हेही त्याच निबंधात आहे. माझ्या शेजारणीनं तो निबंध वाचला आणि आठवडाभर ती माझ्याकडे फिरकली नाही. लहानपणापासून रविवारच्या वर्गात तिला ब्रिगहॅम यंगच्या बायका सांगितल्या होत्या, जोसेफच्या कुणी सांगितल्या नव्हत्या.

१८९० ची रेघही पुस्तकात दिसते तेवढी सरळ नाही. जाहीरनाम्यानंतरही गुपचूप लग्नं लागतच होती, काही मेक्सिकोत, काही घरच्या घरी. म्हणून तर १९०४ मध्ये दुसरा जाहीरनामा काढावा लागला. तोही केव्हा? चर्चचे एक वरिष्ठ पुढारी रीड स्मूट सेनेटवर निवडून गेले आणि त्यांना बसू द्यायचं की नाही याची वॉशिंग्टनमध्ये जाहीर चौकशी लागली तेव्हा. १८४३ ची ती आज्ञा आजही त्यांच्या धर्मग्रंथात आहे, १३२ वा भाग. आणि आजही बायको वारलेला पुरुष दुसरं लग्न करतो तेव्हा मंदिरात दुसरीशीही अनंतकाळासाठी बांधला जाऊ शकतो. विधवेला मात्र हयातीत दुसऱ्या नवऱ्याशी तसं बांधून घेता येत नाही. आपल्याकडे वडाला फेऱ्या मारून सात जन्मांवर भागतं; त्यांचा हिशेब थेट अनंताचा. ‘मी आधी गेले आणि ह्यानं लग्न केलं तर वर आम्ही दोघी,’ असं माझी शेजारीण एकदा भांडी विसळता विसळता म्हणाली. विनोद म्हणून म्हणाली, पण पाणी तसंच वाहत राहिलं बराच वेळ.

तेव्हा ‘काही संबंध नाही’ ही पाटी अर्धी खरी. आज शाखा नाही हे शंभर टक्के खरं. पण मूळ भट्टी एकच, हे सांगायला त्यांना जड जातं.

ओळख होऊन सहाएक वर्षं झाल्यावर तिनं मला घरातला जुना फोटो दाखवला. पट्ट्यापट्ट्यांच्या कैद्याच्या कपड्यांत उभा असलेला दाढीवाला माणूस. तिचे पणजोबा. १८८८ साली बेकायदा सहवासाबद्दल सहा महिने आत होते. ‘आणि ही पणजी,’ तिनं दुसरा फोटो पुढे केला, ‘दुसरी.’ म्हणजे पहिल्या दिवशी दारात मी जे विचारलं होतं त्याचं उत्तर त्या घरात होतंच, फक्त तीन पिढ्या मागे.

नावाबद्दलही एक गंमत सांगून टाकते. वर्षानुवर्षं यांनी वर्तमानपत्रांना विनवलं की त्या लोकांना मॉर्मन म्हणू नका, ते नाव आमचं. त्यांचे अध्यक्ष गॉर्डन हिंकली १९९८ मध्ये म्हणाले होते की ‘मॉर्मन फंडामेंटलिस्ट’ अशी चीजच नसते. २०१० पासून ‘मी मॉर्मन आहे’ अशा जाहिराती केल्या. आणि २०१८ मध्ये नवे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी सांगितलं की हे टोपणनाव टाका, पूर्ण नाव वापरा. त्यांच्या जगप्रसिद्ध गायकवृंदाच्या नावातूनसुद्धा ‘मॉर्मन’ गेलं. शेजारणीचा मुलगा तेव्हापासून मला प्रत्येक वेळी सुधारतो. मी सवयीनं चुकते, तुम्हीही या अंकात चुकलेली वाचताय. फुटलेल्या गटांनी मात्र ते नाव सोडलेलं नाही. आणखी वीस वर्षांनी ‘मॉर्मन’ म्हटल्यावर कोण डोळ्यांपुढे येईल?

प्रश्न : मी कायद्याचा विद्यार्थी आहे. धर्मस्वातंत्र्य घटनेतच असलेल्या देशात धर्माज्ञेनं केलेली लग्नं गुन्हा कशी ठरली?
– एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : ‘रेनॉल्ड्स विरुद्ध अमेरिका’, १८७९. वाचच. जॉर्ज रेनॉल्ड्स ब्रिगहॅम यंगचे चिटणीस. कायदा घटनेत बसतो का ते बघण्यासाठी चाचणी खटला म्हणून स्वतः पुढे झाले, हरले आणि तुरुंगात गेले. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, श्रद्धेला हात लावणार नाही, कृतीला लावू शकतो. आणि दाखला कुठला दिला असेल? पतीच्या चितेवर जाळून घेणं हे धर्मकर्तव्य आहे असं एखाद्या बाईनं मानलं तर सरकारनं तिला अडवायचं नाही का, असं न्यायालयानं विचारलं. युटाच्या खटल्यात आपली सती.

पुढचं तुझ्या अभ्यासक्रमात असेल. मुंबई प्रांतानं १९४६ मध्ये हिंदूंच्या द्विभार्या विवाहांना बंदी करणारा कायदा केला. त्याला आव्हान मिळालं ते ‘मुंबई राज्य विरुद्ध नरसू अप्पा माळी’ या खटल्यात. न्यायमूर्ती छागला आणि गजेंद्रगडकर यांनी कायदा उचलून धरताना श्रद्धा वेगळी, आचार वेगळा हाच भेद केला आणि अमेरिकन निकालांतली वाक्यं उद्धृत केली. मॉर्मनांना रोखायला घडवलेली पाचर मुंबईच्या उच्च न्यायालयात कामी आली. निकालाची तारीख २४ जुलै १९५१. युटात २४ जुलैला सुट्टी असते, मिरवणुका निघतात; १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग त्या खोऱ्यात उतरला तो हा दिवस. निव्वळ योगायोग, पण मला फार आवडतो.

युटाच्या कायद्यानं मात्र २०२० मध्ये वळण घेतलं. सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेलं बहुपत्नीत्व तिथं आता किरकोळ दंडाचा विषय आहे. सक्ती, फसवणूक, अल्पवयीन मुलगी यांत आली तर गंभीर गुन्हा. बायका घाबरून लपून न राहता पोलिसांकडे येतील, ही त्यामागची अपेक्षा. मला हे पटतं. बायका किती यापेक्षा तिला ‘नको’ म्हणता येत होतं का, हे आधी तपासावं.

प्रश्न : मुलगी बंगळूरला असते. तिच्या दारी पांढरा शर्ट, टाय आणि काळी नावपट्टी लावलेली दोन गोरी मुलं आली. ते बहुपत्नीवालेच का?
– बेळगावहून

उत्तर : नाही. ते सॉल्ट लेकच्या चर्चचे, दोन वर्षं प्रचाराला बाहेर पडलेले. पट्टीवर ‘एल्डर’ म्हणजे ज्येष्ठ असं लिहिलेलं असतं, वय असतं एकोणीस. एकीशीही लग्न जमलेलं नसतं, त्या दोन वर्षांत मुलींना फिरायला नेण्याचीही परवानगी नाही. बंगळूरमध्ये त्यांचं मंदिर व्हायचं २०१८ मध्येच जाहीर झालं आहे, तेव्हा आणखी दिसतील. पाणी द्यावं, उन्हात फिरतात. चहा देऊ नये.

चहावरून सांगलीच्या आजींचं ताजं कलम. १८३३ मधल्या साक्षात्कारावरून त्यांना दारू, तंबाखू, कॉफी आणि चहा वर्ज्य. आपलं सगळं आदरातिथ्य एका कपावर उभं, आणि नेमका तोच चालत नाही. पहिलं वर्षभर मी शेजारणीला कोकम सरबत आणि पन्हं पाजलं. मग एका थंडीत तिला खोकला झाला म्हणून गवती चहा, आलं आणि गूळ घालून उकळला, आणि सवयीनं ‘चहा’ म्हणून पुढे केला. ती कपाला हात लावीना. पाती दाखवली, वास दिला, यात चहाची पावडर चिमूटभर नाही, हे नुसतं गवत आहे म्हणून सांगितलं. पाला-मुळांचा काढा त्यांना चालतो. ‘मग याला चहा का म्हणता?’ तिनं विचारलं. मला काही सांगता येईना. तिनं दोन कप प्यायले आणि उन्हाळ्यात कुंडी मागायला आली.

तर परतफेडीला गवती चहाची कुंडी द्यायला सांगा. रोप इथून नेऊ नका, विमानतळावर काढून घेतील. तिकडच्या आशियाई दुकानात दांडे मिळतात, पाण्यात ठेवले की मुळं फुटतात. हिवाळ्यात कुंडी घरात घ्यायची, बर्फात मरते. चकल्या मात्र इथूनच द्या बरोबर, आणि दोन डबे जास्त. त्या शेजारणीलाही बहीण असेल.